नकाशा तयार आहे, पण जग उभे राहत नाही: कल्पित विश्वाची बांधणी कुठून सुरू करावी

प्रश्न थोडक्यात असा: कल्पित जगाचा मोठा नकाशा काढून झाला आहे. सात राज्ये, त्यांच्या वंशावळी, दोन हजार वर्षांचा इतिहास, जादूचे प्रकार, सगळे वहीत आहे. तरी कादंबरी तिसऱ्या प्रकरणापुढे सरकत नाही. त्याच जगावर टेबलटॉप गेम (टेबलाभोवती बसून, पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा खेळ) खेळवायला घेतला, तर पहिल्याच बैठकीत खेळाडू असे काही विचारतात की वहीत उत्तर सापडत नाही. चुकते कुठे, आणि आता काय करायचे?

मेहनत कमी पडलेली नाही, कामाचा क्रम उलटा झाला आहे. वहीत नावे भरपूर जमली आहेत, पण अडचणी जमलेल्या नाहीत. कोणती गोष्ट लांब आहे, कोणती महाग आहे, काय मिळतच नाही, कशाला किती दिवस लागतात, हे ठरल्याशिवाय त्या जगातल्या माणसाला काही करावेच लागत नाही, आणि माणसाला काही करावे लागल्याशिवाय कथानक हलत नाही. म्हणून नकाशा काही दिवस बाजूला ठेवा आणि एका नियमापासून सुरुवात करा.

आपल्या जगाहून वेगळा असा एकच नियम घ्या. फार तर दोन. पाच-सहा घेतले की त्यांचे परिणाम एकमेकांत गुंततात आणि लेखकालाच हिशेब लागत नाही. नियम घेतला की त्याला चार प्रश्न विचारा: हे कोणाला जमते, किती वेळ टिकते, बदल्यात काय जाते, आणि कशाने बंद पडते. या चारांची उत्तरे आकड्यांत द्या. ‘फार दमायला होते’ हे उत्तर चालत नाही, कारण ‘फार’ किती ते प्रत्येक प्रसंगात लेखकाच्या सोयीने बदलते, आणि वाचकाला ती सोय लगेच दिसते.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. नियम असा: मेलेला माणूस मृत्यूनंतर तीन दिवस प्रश्नांची उत्तरे देतो. उत्तर फक्त शिक्षण घेतलेल्या श्रोत्याला ऐकू येते. मृत खोटे बोलत नाही, पण जिवंतपणी जे ठाऊक होते तेवढेच आणि विचारले तेवढेच सांगतो. प्रत्येक मृतामागे श्रोत्याचे कान थोडे मंदावतात आणि शंभरेक मृतांनंतर तो ठार बहिरा होतो.

पहिला परिणाम कोणालाही सुचेल: खून लपणार नाही. इथे बहुतेक जण थांबतात आणि जग पोकळ राहते. आता अंतर मोजा. जवळच्या श्रोत्यापर्यंत मृतदेह नेता येईल का? बैलगाडी दिवसाला १५ ते १८ किलोमीटर जाते, म्हणजे तीन दिवसांत पोहोचायचे तर श्रोता ५० किलोमीटरच्या आत हवा. गाडी नसेल तर माणूस पायी पाठवून श्रोत्याला बोलवावे लागेल. चालणारा माणूस दिवसाला २५ किलोमीटर धरला, दीड दिवस जायला आणि दीड दिवस यायला, तर मर्यादा ३७ किलोमीटरवर येते. दोन्ही बाजूंना घोडे असतील आणि दिवसाला ५० किलोमीटर धरले तर ७५. चौथा मार्ग गावातल्या हुशार माणसाला सुचेल: निरोप्या आणि गाडी एकाच वेळी सोडायची, श्रोत्याने उलट निघून वाटेत गाठ घ्यायची. हे गणित ६० किलोमीटरच्या आसपास बसते.

आता ३०० बाय २०० किलोमीटरचे राज्य घ्या. पायी चालणाऱ्यालाही न्याय मिळावा असे ठरवले तर श्रोत्यांची किमान १७ ठाणी लागतील, सीमेलगतची आणि डोंगराळ भागातली धरून वीसेक. घोड्यांच्या हिशेबाने पाचांत जवळपास सगळा देश येतो. तिजोरी सांभाळणारा कारभारी पाचच ठेवणार हे उघड आहे. मग घोडा नसलेल्या माणसासाठी देशाचा फक्त एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग न्यायाच्या टप्प्यात उरतो. राजाच्या मनात कोणतीही दुष्टाई न आणता या राज्यात गरिबाचा खून स्वस्त झाला. आता इथे कोणत्या भागात लूटमार वाढेल, कोणत्या गावात लोक वर्गणी काढून घोडा पाळतील, कोणता सावकार तो घोडा कर्जापोटी ओढून नेईल, हे सुचायला लागते. कथानक यायचे ते या फटींतून.

तिसऱ्या पायरीवर जा. पुरावा जाळता येत असेल तर कायदा तीन दिवस दहनाला बंदी करणार. मग उष्ण प्रदेशात मृतदेह तीन दिवस ठेवायचा कसा? थंड तळघरे, मीठ, रात्रंदिवस राखण करणारी माणसे, त्यांची मजुरी, त्यांना देता येणारी लाच. लढाईत मेलेला सेनानी शत्रूच्या हाती लागला तर सगळी योजना फुटेल, म्हणून माघार घेणारे सैन्य आपले मृत मागे सोडू शकत नाही आणि त्यामुळेच हळू चालते. गुप्त कटात भाग घेणारे एकमेकांना आपले नाव सांगणार नाहीत. श्रोत्याचे ऐकणे मोजके असल्याने कोणत्या मृतासाठी ते खर्च करायचे यावर भांडणे होतील, आणि नव्वदावा मृत ऐकून झालेला श्रोता प्रत्येक प्रश्न जपून विचारेल. हे सगळे एका नियमातून आले आणि त्यासाठी नकाशावर एक रेघही काढावी लागली नाही. असा एक कागद भरला, की मगच नकाशाला हात घाला.

नकाशात सर्वांत जास्त चुका पाण्याच्या होतात. नद्या उताराने वाहतात आणि खाली जाताना एकमेकींना मिळतात. नदी वाटेत दुभंगून दोन वेगळ्या समुद्रांना जाते असे क्वचितच घडते. फाटे फुटतात ते मुखापाशी, त्रिभुज प्रदेशात. सरोवराला पाणी आणणाऱ्या नद्या कितीही असोत, बाहेर पडणारी बहुधा एकच असते, कारण सर्वांत खोलगट काठावरून पाणी निघते आणि तीच वाट कोरत जाते. डोंगररांगेच्या वाऱ्याकडच्या बाजूला पाऊस पडतो, पलीकडची बाजू पर्जन्यछायेत कोरडी राहते. म्हणून नकाशावर आधी वाऱ्याची दिशा बाणांनी काढा, मग डोंगर, मग नद्या, मग जंगल आणि माळ, आणि सर्वांत शेवटी शहरे. शहरे आधी टाकली की त्यांच्यासाठी नद्या वाकवाव्या लागतात.

पृथ्वीसारखा ग्रह असेल तर विषुववृत्ताजवळ भरपूर पाऊस आणि दोन्ही गोलार्धांत ३० अक्षांशाच्या आसपास कोरडा पट्टा, ही मांडणी डोळ्यांसमोर ठेवा. उंची वाढते तशी हवा थंड होते, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश. खाली समुद्रकाठी ३० अंश तापमान असेल तर ३००० मीटरवरच्या खिंडीत १० अंशांच्या आसपास. ही खिंड वर्षातून किती महिने बर्फाने बंद असते हे एकदा ठरवले की व्यापार, लग्ने, युद्धे यांचे वेळापत्रक तिला बांधले जाते.

संगणकावर भूप्रदेश तयार करणाऱ्यांसाठी इथेच एक सूचना. संगणकशास्त्रज्ञ केन पर्लिन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केलेला नॉइज, म्हणजे सलग चढउतार होणाऱ्या यादृच्छिक आकड्यांची जाळी, आजही डोंगरदऱ्या बनवायला वापरतात. नुसता नॉइज वापरला की उंचसखल पृष्ठभाग मिळतो, पण त्यात जागोजागी बंद खळगे राहतात, पाण्याला समुद्रापर्यंत सलग वाट नसते आणि डोळ्याला ते खटकते. म्हणून त्यावर धूप होण्याची प्रक्रिया चालवावी लागते: पावसाचे थेंब उताराने सोडायचे, तीव्र उतारावर माती उचलायची, मंद उतारावर टाकायची, आणि हे हजारो वेळा करायचे. ते जमत नसेल तर निदान खळगे भरून घ्या आणि नद्या समुद्रापासून उलट वर काढत न्या.

यानंतर धान्य. या विषयावर मी मुद्दाम रेंगाळतो, कारण गावे, सैन्ये आणि शहरे खोटी वाटण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. यंत्रांपूर्वीच्या समाजात दहातली आठ-नऊ माणसे शेतीत असत. एका माणसाला वर्षाला सुमारे २५० किलो धान्य धरा. ५०,००० वस्तीच्या शहराला १२,५०० टन लागतात. शेतकऱ्याचे पोट, बियाणे आणि पडीक ठेवलेली जमीन वजा जाता हेक्टरी सव्वाशे किलो बाजारात येते असे मानले, तर एक लाख हेक्टर म्हणजे १००० चौरस किलोमीटर लागवड हवी. भोवतालची एक तृतीयांश जमीनच लागवडीखाली असेल तर शहराभोवती ३१ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ लागते. गाडीने दोन दिवसांचे अंतर, म्हणजे जमण्यासारखे. आता हेच शहर पाच लाखांचे करा. त्रिज्या १०० किलोमीटरच्या जवळ जाते आणि गाडीचे बैल वाटेत चारापाणी संपवत राहतात. म्हणून मोठी शहरे नदीवर किंवा समुद्रावर असतात. प्राचीन रोमची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात गेली ती इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेतून जहाजांनी येणाऱ्या धान्यावर. वाळवंटाच्या मध्यावर सोन्याचे घुमट असलेली महानगरी हवीच असेल तर जरूर ठेवा, पण तिचे धान्य कुठून येते ते ठरवा. जो ती वाट अडवू शकतो त्याच्या हातात तुमच्या कथेची सत्ता आहे.

सैन्याचेही तसेच. सैनिकाला दिवसाला एक किलो धरले तर १०,००० माणसांना रोज दहा टन. एका बैलगाडीत ५०० किलो भरले तर रोजच्या वीस गाड्या, पंधरा दिवसांच्या शिध्याला ३०० गाड्या आणि ६०० बैल. एक गाडी दहा-बारा मीटर जागा घेते. एकामागे एक लावल्या तर तीन-साडेतीन किलोमीटर नुसत्या गाड्याच. ही रांग दिवसाला १५ किलोमीटर सरकते आणि तिचे शेपूट कुठेही कापता येते. घोडदळ घेतले तर प्रत्येक घोड्याला चार-पाच किलो दाणा आणि तेवढाच चारा आणखी. सैन्य हंगाम पाहून का निघते, नदीकाठाने का जाते आणि वाटेतली गावे का लुटते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

बातमीचा वेग वेगळा ठरवा. तो माणसांच्या वेगापेक्षा जास्त असू शकतो आणि हा फरक कथेला फार उपयोगी पडतो. प्राचीन इराणी साम्राज्याच्या सार्डिस ते सुसा या दोन शहरांमधल्या राजमार्गाला पायी ९० दिवस लागतात असे ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो, तर ठिकठिकाणी घोडे बदलणारे स्वार ते अंतर आठवड्या-दीड आठवड्यात तोडत. डोंगरावरच्या आगीच्या इशाऱ्यांनी बातमी याहून लवकर जाते. त्याचे गणित सोपे आहे: उंचीचे मीटरमधले वर्गमूळ काढा आणि ३.५७ ने गुणा, क्षितिज किती किलोमीटरवर ते मिळते. उभ्या माणसाला साडेचार-पाच किलोमीटर, २५ मीटर उंच मनोऱ्यावरून सुमारे १८. दोन्ही बाजूंना असे मनोरे असतील तर ते एकमेकांचा जाळ ३५ किलोमीटरवरून पाहू शकतात, म्हणजे ३०० किलोमीटरला दहा मनोरे पुरतात. धुके पडले की साखळी तुटते. तुमचा ग्रह पृथ्वीच्या निम्म्या त्रिज्येचा असेल तर ही अंतरे ०.७ ने गुणा.

आकाशाकडे लेखकांचे दुर्लक्ष होते, पण वाचक पकडतात ते नेमके तिथे. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, मध्यरात्री उगवत नाही. मध्यरात्री उगवतो तो कृष्ण पक्षातल्या अष्टमीचा अर्धा चंद्र. संध्याकाळी पश्चिमेला दिसणारी कोर शुक्ल पक्षातली असते. नायक अमावास्येला निघाला आणि चार दिवसांनी पूर्ण चांदण्यात किल्ल्यावर चढला, तर जगाचे घड्याळ मोडले. दोन चंद्र ठेवायचे असतील तर दोघांचे पौर्णिमा ते पौर्णिमा दिवस ठरवा. एकाचे २० आणि दुसऱ्याचे २८ असतील तर दोन्ही पौर्णिमा दर १४० दिवसांनी एकत्र येतात. त्या दिवशी भरती सर्वांत मोठी, खाडीतला बांध त्या दिवशी फुटणार, आणि चाचेगिरी करणारा त्याच दिवशी उथळ मुखातून जहाज आत आणणार. वर्षाचे कोष्टक करून दोन्ही चंद्रांच्या कला त्यात एकदा भरून टाका, तासाभराचे काम आहे.

इतिहासाला मात्र आवर घाला. दोन हजार वर्षांपैकी कथेला तीन थर पुरतात: म्हाताऱ्यांना स्वतः आठवते ते, ज्यावरून आजही भांडण आहे ते, आणि ज्याची दंतकथा झाली आहे ते. प्रत्येक घटनेने आज डोळ्याला दिसेल असे काय मागे ठेवले, हे लिहा: पडका पूल, न उठलेला कर, एखादी शिवी, सुटीचा दिवस. काहीच मागे ठेवले नसेल तर ती घटना वहीतून खोडली तरी चालते. आपत्तीचे परिणाम जवळच्या गावापुरते ठेवू नका. १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि १८१६ मध्ये पार युरोपात व ईशान्य अमेरिकेत उन्हाळा नीट आलाच नाही, पिके बुडाली. ज्या शेतकऱ्याचे पीक गेले त्याला कारण ठाऊकच नव्हते. तुमच्या जगातही कारण एका टोकाला आणि त्याचे चुकीचे स्पष्टीकरण दुसऱ्या टोकाला, असे असू द्या.

समाज रंगवताना एका जमातीला एकच स्वभाव देऊ नका. सगळे डोंगराळ लोक शूर, सगळे किनाऱ्यावरचे लबाड, अशी वाटणी झाली की पात्र पाहताक्षणी त्याचे पुढचे वाक्य कळते. प्रत्येक समाजात आतला एक वाद ठेवा, ज्यात दोन्ही बाजूंचे म्हणणे शहाण्या माणसाला पटू शकेल. वरच्या उदाहरणात, श्रोत्यांपैकी काही जण म्हणतील की ऐकणे हे कर्तव्य आहे, काही म्हणतील की दहा-बारा वर्षांच्या मुलांना बहिरे होण्यासाठी शिकवणे हेच पाप आहे. खऱ्या एखाद्या समाजाचा पोशाख, विधी आणि नावे सगळी उचलून फक्त राज्याचे नाव बदलणे तर टाळाच. ते आळसाचे काम आहे, आणि ज्यांचे ते आहे त्यांना ते टोचते.

नावांसाठी पूर्ण भाषा रचायची गरज नाही. प्रत्येक प्रदेशासाठी चौदा-पंधरा व्यंजने आणि चार-पाच स्वर निवडा, अक्षर कसे संपते ते ठरवा. एका प्रदेशात प्रत्येक अक्षर स्वरान्त: वेलाणू, तोरिमा, सानेली. शेजारी जोडाक्षरे आणि व्यंजनान्त: ग्रस्त्, दुर्ख, हल्ब. वाचकाला न सांगता कळते की हा माणूस नदीपलीकडचा. नावे झिजूही द्या. नदी ओलांडण्याच्या जागेला ‘वेला’ आणि काळ्या दगडाला ‘तोरी’ म्हणत असतील तर ‘वेलातोरी’चे पाचशे वर्षांत ‘वेल्तोर’ होते आणि पलीकडचे लोक त्यालाच ‘बल्दर’ म्हणतात. दोन नकाशांवर दोन नावे, आणि कोणते वापरायचे यावरून भांडण. मुख्य पात्रांची नावे वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू करा आणि प्रत्येक नाव मोठ्याने तीनदा म्हणून पाहा. जीभ अडखळली तर वाचक ते नाव वाचत नाही, नुसता आकार ओळखून पुढे जातो.

हे सगळे वाचकापर्यंत न्यायचे कसे? इतिहासाचे प्रकरण सुरुवातीला टाकून नाही. जी गोष्ट पात्राला रोजची आहे ती पात्र समजावून सांगत बसत नाही. ते तिच्यावर चिडते, तिच्यासाठी पैसे मोजते, तिच्यामुळे उशीर होतो. पुढच्या दोन वाक्यांत फरक पाहा. ‘या राज्यात मृतांना तीन दिवस बोलता येत असल्याने दहनाला बंदी होती.’ आणि: ‘दुसरा दिवस मावळला, अजून घोड्याच्या टापा ऐकू येईनात, थोरल्याने तळघरातल्या मिठाचे आणखी एक पोते फोडले आणि धाकट्याला म्हणाला, उद्या दुपारपर्यंत वाट पाहू.’ दुसऱ्यात नियम सांगितलेला नाही, तरी मुदत कळते, खर्च कळतो, कोणाची तरी वाट पाहणे कळते. नियमाचे शब्द दोन-तीन पानांनंतर आले तरी बिघडत नाही. मात्र ज्या मर्यादेवर शेवटचा पेच सुटणार आहे, ती मर्यादा त्या पेचाच्या बरीच आधी एकदा तरी वाचकासमोर घडलेली हवी. ऐन वेळी काढलेला नवा नियम वाचक माफ करत नाही.

गेमसाठी थोडे वेगळे. कादंबरीत तुम्ही न्याल तिथे वाचक येतो, गेममध्ये खेळाडू नेमका तुम्ही न रंगवलेल्या दारावर जातो. म्हणून लांबचे राज्य तपशिलात करण्यापेक्षा खेळाडू उभे आहेत तिथून ३० किलोमीटरचा परिसर पक्का करा. टेबलटॉपसाठी नकाशावर दहा-दहा किलोमीटरच्या षटकोनी घरांची जाळी टाका: रस्त्याने दिवसाला तीन घरे, जंगलातून दीड, डोंगरात एक. तीन-चार तासांच्या बैठकीला एक वस्ती, एकमेकांच्या आड येणाऱ्या इच्छा असलेली तीन माणसे, जाता येतील अशी दोन ठिकाणे, आणि खेळाडूंनी काहीच केले नाही तरी रोज पुढे सरकणारे एक संकट, एवढी तयारी पुरते. त्या संकटाचे वेळापत्रक लिहून ठेवा: तिसऱ्या दिवशी पूल पडतो, पाचव्या दिवशी कोठार जळते. खेळाडू तिथे नसले तरी ते घडते, आणि परत आल्यावर जळके कोठार पाहून त्यांना जग जिवंत असल्याचे जाणवते.

गेममधले धन जपून ठेवा. खेळाडूंनी गुहेतून दहा हजार मोहरा आणून छोट्या गावात खर्चल्या आणि भाव तेच राहिले, तर गाव पुठ्ठ्याचे ठरते. १३२४ मध्ये मालीचा राजा मनसा मुसा हजच्या वाटेवर कैरोत थांबला. त्याने इतके सोने वाटले आणि खर्चले, की तिथे सोन्याचा भावच उतरला आणि पुढे कित्येक वर्षे तो सावरला नाही. तुमच्या गावातही धान्य, घोडे, मजुरी महाग होऊ द्या, चोर आणि कर वसूल करणारे येऊ द्या. पैसा जगात येण्याच्या वाटा लिहाल त्याच कागदावर तो बाहेर जाण्याच्याही वाटा लिहा: दुरुस्ती, जकात, उपचार, जामीन, घोड्याचा दाणा. ऑनलाइन गेममध्ये या दुसऱ्या वाटा कमी पडल्या की महागाई इतकी वाढते की नवा खेळाडू काहीच विकत घेऊ शकत नाही.

व्हिडिओ गेममध्ये अंतराचा पेच निराळाच आहे. चार किलोमीटर रुंदीचा नकाशा सेकंदाला पाच मीटरने धावणारा खेळाडू सव्वातेरा मिनिटांत ओलांडतो, आणि एनपीसी (संगणक चालवतो ते पात्र) सांगतो की राजधानी दिवसभराच्या अंतरावर आहे. हा विरोध मिटवायचा तर दिवसच लहान करा. गेममधला दिवस २४ मिनिटांचा ठेवला तर तेवढ्यात तेरा तास जातात. पहाटे निघालेला संध्याकाळी पोहोचतो आणि बोलणे खरे ठरते. संवादांत किलोमीटर येऊच देऊ नका, ‘खिंड ओलांडली की’ असे सांगा. वाटेत ४० सेकंद ते एक मिनिटाच्या धावेत नजरेला काही तरी नवे पडले पाहिजे, आणि दुरून ओळखू येणारी उंच खूण सतत कुठल्या तरी बाजूला असावी.

शेवटी नोंदवही. हिच्याशिवाय मोठे जग दुसऱ्या भागातच फाटते. स्प्रेडशीट घ्या आणि पाच रकाने करा: गोष्ट, आकडा किंवा तपशील, कुठे सांगितली (प्रकरण किंवा बैठक), कोणी सांगितली, आणि दर्जा. दर्जा तीनच: पक्के, पात्राचे मत, अफवा. ‘कोणी सांगितली’ हा रकाना सर्वांत मोलाचा, कारण दारूच्या गुत्त्यातल्या माणसाने सांगितलेले वर्ष चुकीचे निघाले तर ते त्याचे अज्ञान ठरते, पण निवेदकाने सांगितलेले चुकले तर ती लेखकाची चूक. वाचकासमोर अजून न आलेली कोणतीही गोष्ट ‘पक्के’ म्हणून नोंदवू नका. ती बदलण्याची मोकळीक तुम्हाला शेवटपर्यंत लागते.

तुमच्या हातात आज जे आहे त्यातले काही फेकायचे नाही. सात राज्यांपैकी एक निवडा, त्यातली एक वस्ती निवडा, जादूच्या प्रकारांतला एकच ठेवा आणि त्याला ते चार प्रश्न विचारून एक पान भरा. वस्तीभोवती ३० किलोमीटरचे वर्तुळ काढून धान्य, पाणी आणि बातमीची वाट ठरवा. नियमामुळे ज्याचा फायदा होतो असा एक, ज्याचे नुकसान होते असा एक, आणि नियम चुकवून पोट भरणारा एक, असे तिघे उभे करा. मग ते पान कथेतले काहीही ठाऊक नसलेल्या कोणाला तरी वाचायला द्या आणि एवढेच विचारा: तू इथे राहत असतास तर काय केले असतेस? उत्तरात पळवाट किंवा धंदा सुचला तर लिहायला बसा. ‘काही नाही’ असे उत्तर आले तर बदल्यात काय जाते तो आकडा वाढवा आणि पुन्हा विचारा.